भेटीचे कारण

महापे. गेट क्रमांक दोन.
वॉचमन घरत माझ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर
लाल गोल स्टिकर चिकटवतो,
इंजेक्शननंतर कापूस दाबावा
तसा अंगठा दाबून धरतो.
अठरा वर्षं मोबाइलची पोटं उघडून बसलेय मी,
त्याचा डोळा असा कुणी मिटवला नव्हता.

रजिस्टरात रकाना: भेटीचे कारण.
ऑफिशियल की पर्सनल?
इंटरव्ह्यू, मी म्हणते.
म्हणजे पर्सनलच की, मॅडम.
केणीचं केनी करून तो पावती फाडतो.
येताना वरून सही आणा.

अकरावा मजला.
पावण्याकडचा केमिकलचा वास लिफ्टपर्यंत सोबत येतो,
मग कॉफीचा सुरू होतो.
समोर ऋत्विज, सव्वीस असेल,
आणि लॅपटॉपमध्ये पुण्याहून एक बाई,
जिचा आवाज ओठांच्या मागून पोचतो.

पहिला प्रश्न सोपा.
वीस हजार नावांची यादी, सरकवताना अडखळते. काय कराल?
जेवढं दिसतंय तेवढंच रंगवायचं.
वरून बाहेर गेलेली ओळ खालून परत आणायची
जुनं नाव पुसून, नवं घालून.
ओळी बाराच लागतात.
करेक्ट, म्हणतो ऋत्विज, टिक करतो.

मग बायोडेटावर त्याचं बोट थांबतं.
ही तीन वर्षं?
एक अ‍ॅप केलं. पाणी मोजायचं.
डायलिसिसच्या पेशंटसाठी. दिवसाला आठशे मिली, वर थेंब नाही.
युजर्स किती?
एक.
एक लाख?
नाही. एक.
इंटरेस्टिंग, पुण्याहून उशिरा येतं.

हे सांगत नाही की ताकाची नोंद बाबा करत नसत.
ताक म्हणजे पाणी थोडंच, म्हणायचे,
आणि वाशीच्या सेंटरातला वजनकाटा
दर मंगळवारी त्यांची चहाडी करायचा.

पुढचा प्रश्न. मार्कर माझ्या हातात.
पैसे भरायचं बटण कुणी घाईत दोनदा दाबलं तर?
सर्व्हर, व्यवहाराचा एकच क्रमांक,
दुसऱ्यांदा आला तर पहिलंच उत्तर परत,
चौकटी, बाण, सगळं नीट काढते.
मग हात थांबत नाही,
कोपऱ्यात एक अंगठा काढते.

घाईच असते असं नाही, मी म्हणते.
कधी हात थरथरतो.
एका घोटाचे तीन घोट नोंदले जातात
आणि माणूस दुपारीच कोटा संपला म्हणून
तहानलेला बसून राहतो संध्याकाळभर,
कारण पोरीनं केलेलं अ‍ॅप खोटं कशाला बोलेल.
मला कळलं नवव्या दिवशी.
दोन सेकंदांच्या आतला दुसरा स्पर्श सोडून दिला.
चार ओळींचा कोड.
त्याहून चांगलं काही मी लिहिलेलं नाही,
हे मात्र तोंडातल्या तोंडात.

ऋत्विज फळ्याकडे बघत राहतो.
आणि हे, तो जरा हळू विचारतो, स्केल कसं कराल?
मला खरंच उत्तर येत नाही.

तुम्हाला काही विचारायचंय?
टॉयलेट कुठे आहे, एवढंच सुचतं.

खाली घरत हात पुढे करतो.
सही कुठाय?
पुन्हा लिफ्ट. पुन्हा कॉफी.
माझ्या खुर्चीत एक चष्मेवाला मुलगा,
त्याच्यासमोर माझाच अर्धा ग्लास.
फळा पुसलाय, पण घाईनं,
अंगठा राहिलाय कोपऱ्यात.
मुलगा अर्धवट उठतो,
जणू आता त्याची परीक्षा मी घेणार.
ऋत्विज सही करतो, घड्याळ बघून वेळ घालतो: एक वीस.
तो ग्लास उष्टा आहे, मी मुलाला सांगते,
दुसरा मागव.

गेटवर घरत पावती खिळ्याला टोचतो.
झालं काम?
कळवतील.
स्टिकर नखानं काढू नका, मॅडम,
काचेला चरा जातो.
घरी जाऊन, ओल्या फडक्यानं. हळू.